पोथीचाही फेरफार निघाला पाहिजे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : हस्तलिखितं गोळा करताना ती कुठून, कोणाकडून व कशी आली याची नोंद सक्तीची करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तो ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. त्यानंतर केंद्रानं २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम् मिशन’ जाहीर केलं. देशभरातल्या एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचं सर्वेक्षण, नोंद आणि जतन करायचं, असा त्याचा पसारा. इकडे रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे जुन्या पोथीला आता मान आला आहे, आणि मानामागून पैसा येतोच. याचा आनंद आहे. पण माझी नोकरीच अशी होती, की ज्या वस्तूला भाव चढतो तिचे कागद आधी बघायची खोड लागली. त्या खोडीपायी हे पत्र लिहितो आहे.

मी अनसिंगचा. वाशीम-पुसद रस्त्यावरचं हे गाव, सोयाबीन-तुरीचं. नोकरी तलाठ्याची केली. सरकारनं आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलं आहे, आमच्याकडे लोक अजून पटवारीच म्हणतात. या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो. सात-बाऱ्यावर नाव कोणाचं, हे कोणीही वाचून सांगतो. ते नाव तिथं आलं कसं, हे फेरफाराच्या नोंदवहीतून कळतं. वारसानं आलं, खरेदीखतानं आलं, बक्षीसपत्रानं आलं की कोणाच्या तरी अंगठ्याचा गैरवापर करून आलं? भांडणं सात-बाऱ्यावरून पेटतात, पण निकाल लागतो तो फेरफार काढल्यावर.

पोथ्यांचं तेच आहे. सगळे विचारतात, पोथी किती जुनी? खरी की खोटी? ती इथवर आली कशी, हे विचारायचं मात्र राहून जातं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर नसेल तर पहिल्याचंही उत्तर बहुतेक वेळा लटकतं. जगात याचा सगळ्यात मोठा बोभाटा गेल्या काही वर्षांत बायबलच्या जुन्या हस्तलिखितांवरून झाला. तो आपल्या उपयोगाचा आहे, म्हणून आधी तो सांगतो.

अमेरिकेत वॉशिंग्टनला २०१७च्या नोव्हेंबरात ‘म्युझियम ऑफ द बायबल’ उघडलं. त्यामागे ‘हॉबी लॉबी’ या हस्तकलेच्या सामानाच्या दुकानसाखळीच्या मालकांचा पैसा. श्रद्धा खरी होती, पण खरेदीची घाई जबर. त्याच वर्षी या कंपनीला अमेरिकी सरकारशी तडजोड करावी लागली : ३० लाख डॉलर भरायचे आणि इराकमधून आलेल्या सुमारे साडेपाच हजार वस्तू सोडून द्यायच्या. मातीच्या प्राचीन लेखपट्ट्या फरशीचे नमुने म्हणून पार्सलावर लिहून आणल्या गेल्या होत्या. आमच्या भाषेत सांगायचं तर दस्तात जमिनीचा प्रकारच खोटा लिहिला होता.

त्याच संग्रहालयात मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे म्हणून १६ तुकडे होते. या गुंडाळ्या १९४७ पासून कुमरानच्या गुहांत सापडू लागल्या. बायबलच्या जुन्या कराराच्या सर्वांत जुन्या प्रती त्यात आहेत, म्हणून नखाएवढ्या तुकड्यालाही किंमत. २००२नंतर बाजारात अशा नव्या तुकड्यांची एकदम लाटच आली. त्यातले हे. २०२०च्या मार्चमध्ये संग्रहालयानंच तपासणीचा अहवाल जाहीर केला : सोळाच्या सोळा खोटे.

तपासणीत काय दिसलं ते बघण्यासारखं आहे. खऱ्या गुंडाळ्या बहुतेक चर्मपत्रावर लिहिलेल्या. हे तुकडे कमावलेल्या जाड चामड्याचे, जुन्या पायताणाचे असावेत असे. चामडं खरंच जुनं होतं. पण शाई सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा ती भेगांत उतरून साचलेली दिसली. म्हणजे आधी चामडं म्हातारं झालं, त्याला भेगा पडल्या आणि मग त्यावर कोणीतरी अक्षरं काढली. वरून जनावराच्या हाडा-कातड्याच्या सरसाचा हात मारला होता, चमक यावी म्हणून. कागद जुना आणि मजकूर नवा, हा प्रकार ज्यानं स्टॅम्पपेपर पाहिलेत त्याला काही नवा नाही.

मंत्रिमहोदय, इथं एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. या तुकड्यांचं खोटेपण ओळखायला सूक्ष्मदर्शक लागला, पण संशय यायला तो लागण्याचं कारण नव्हतं. अगोदरचा मालक कोण, तुकडा कोणत्या गुहेतला, कोणी कधी काढला, याचा भरवशाचा कागदच नव्हता. फेरफार नसलेली जमीन कोणी घेतं का?

आता उलटी बाजू. याच खरेदीत काही तुकडे अगदी खरे निघाले, आणि त्यांनी जास्त घोटाळा केला. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यातून ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी १८९६ पासून पपायरसच्या कागदांचे ढीग उकरून काढले. ते लंडनच्या ‘इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटी’च्या मालकीचे, ठेवलेले ऑक्सफर्डला. त्यातला मार्कच्या शुभवर्तमानाचा एक तुकडा पहिल्या शतकातला आहे, अशी आवई २०१२ पासून उठली. २०१८ साली तो रीतसर छापला गेला तेव्हा दुसऱ्या शतकाच्या अखेरचा किंवा तिसऱ्याच्या सुरुवातीचा ठरला. पुढच्या वर्षी उघड झालं, की सोसायटीच्या मालकीचे असे तुकडे हॉबी लॉबीला विकले गेले होते. शोधाशोध केली तेव्हा सुमारे १२० तुकडे जागेवर नव्हते. एका नामवंत अभ्यासकावर आरोप झाले. त्यांनी ते नाकारले. तो वाद कोर्टानं बघावा. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. जवळपास प्रत्येक गहाळ तुकड्याबरोबर त्याचं नोंदकार्ड आणि त्याचा फोटोही गहाळ होता. सोसायटीकडे दुसरीकडे ठेवलेल्या नोंदी होत्या, म्हणून चोरी कळली तरी. ज्यानं कोणी हे केलं त्याला दप्तराची ताकद नीट ठाऊक होती.

तिसरं उदाहरण पावतीचं. सिनाई पर्वतापाशी सेंट कॅथरिनच्या मठात चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल होतं, ‘कोडेक्स सिनायटिकस’. टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन पंडितानं १८४४ साली त्यातली ४३ पानं नेली. १८५९ साली बाकीचा मोठा भाग नेला. तेव्हा त्यानं मठाला सहीनिशी लिहून दिलं, की मागाल तेव्हा परत करीन. ग्रंथ पोचला रशियाच्या झारकडे. तिथून १९३३ साली सोव्हिएत सरकारनं तो एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. दान की उसनवारी, हा वाद अजून चालतो, आणि मठाची बाजू उभी आहे ती त्या सहीवर. पुढे लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई अशा चारही ठिकाणच्या धारकांनी २००५ साली करार केला, सगळी पानं एकत्र करून २००९ साली जगापुढे ठेवली आणि ग्रंथाच्या प्रवासाचा इतिहास मिळून शोधायचं ठरवलं. भांडणाऱ्या हिस्सेदारांनीही एका नोंदवहीवर यावं, याचा हा धडा.

आपल्याला याच्याशी काय करायचं, असं कोणी म्हणेल. पण बायबलच्या कथेचं एक जुनं हस्तलिखित आपल्या मराठीतही आहे, आणि त्याच्यावरचा वाद याच दोन प्रश्नांवर अडलेला आहे. ते म्हणजे ‘क्रिस्तपुराण’.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला आणि साष्टीत राहिला, तिथंच १६१९ साली वारला. नव्यानं ख्रिस्ती झालेले लोक जुन्या पुराणांना पारखे झाले होते, पण पुराण ऐकायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांच्यासाठी त्यानं ओवीबद्ध ख्रिस्तकथा लिहिली. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. सगळं मिळून जवळपास अकरा हजार ओव्या. १६१६ साली ते राचोलला छापलं, पुढे १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं गेलं. छपाई रोमन लिपीत होती, कारण देवनागरीचे साचे नव्हते. स्टीफन्सला ते सलत होतं. या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत, असं त्यानं १६०८ साली वरिष्ठांना कळवलं होतं. अडचणही सांगितली होती : युरोपात चोवीस साच्यांत भागतं, इथं सहाशे लागतील.

या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठं असल्याचं माहीत नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. १७५९ साली जेझुइटांनाच हाकलून त्यांची मालमत्ता जप्त झाली. ग्रंथ जगला तो लोकांनी घरोघर, चर्चमधून हातानं उतरवून घेतला म्हणून. त्या रोमन हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला. म्हणजे हा मुद्रित ग्रंथ तगला तो हस्तलिखितामुळे. अशी उलटी चाल क्वचितच एखाद्या पुस्तकाच्या नशिबी येते.

आणि मग १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी लंडनमधून बातमी दिली. हे अमेरिकन मराठी मिशनचे, मराठी संतचरित्रं इंग्रजीत नेणारे अभ्यासक. लंडनच्या प्राच्यविद्या शाळेत, जिला आज ‘सोआस’ म्हणतात, विल्यम मार्सडेनच्या संग्रहात त्यांना क्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत दिसली. मार्सडेन सुमात्राचा इतिहासकार आणि संग्राहक. त्यानं आपलं ग्रंथालय १८३५ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिलं आणि तिथून ते पुढे प्राच्यविद्या शाळेत आलं. या देवनागरी प्रतीत पुराणांची नावं आदिपुराण आणि देवपुराण अशी आहेत. रोमन प्रतींत जिथं पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द येतात तिथं इथं बहुधा संस्कृत वळणाचे शब्द येतात. ॲबट म्हणाले, हाच स्टीफन्सचा मूळ पाठ. छपाईच्या अडचणीमुळे तो रोमन केला गेला. इतर अभ्यासकांना वाटतं, हा मागाहून कोणीतरी केलेला संस्कृताळलेला पाठ आहे. पुढे देवनागरीत दोन महत्त्वाच्या आवृत्त्या निघाल्या, शांताराम बंडेलूंची १९५६ साली आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ साली. वाद मात्र मिटला नाही.

वाद क्षुल्लक नाही. ॲबट खरे असतील तर साष्टीतला हा इंग्रज गावकऱ्यांच्याच लिपीत, त्यांच्याच धर्मशब्दांत विचार करत होता. दुसरी बाजू खरी असेल तर स्टीफन्सनंतर कोणी तरी मराठी ख्रिस्ती माणूस इतका समर्थ होता, की त्यानं अख्खं पुराण नव्या भाषेत घडवलं, आणि त्याचं नावही आपल्याला ठाऊक नाही. कसंही झालं तरी मराठीच्या इतिहासातलं एक पान बदलतं. मराठीची स्तुती करणाऱ्या स्टीफन्सच्या ओव्या आपण भाषादिनाला हौसेनं म्हणतो; त्या कोणत्या प्रतीतल्या म्हणतो आहोत, हे विचारायला नको का?

याचा निकाल नुसती शब्दांची तुलना करून लागणार नाही. कागद कुठला, त्यातलं जलचिन्ह कोणत्या काळचं, हात एकाचा की अनेकांचा, हे बघावं लागेल. आणि बरोबरीनं गोवा ते लंडन हा मधला प्रवास : कोणाच्या कपाटातून निघाली, कोणी नेली, मार्सडेननं कोणाकडून घेतली. प्रत १७५९च्या जप्तीत निघाली असेल तर एक अर्थ, एखाद्या कुटुंबानं विकली असेल तर दुसरा. वस्तू अस्सल आहे का, हा प्रश्न इथं ती मिळवली कशी या प्रश्नाच्या पोटात शिरतो.

आता घरी येऊ. आमच्या वऱ्हाडात या दोन्ही प्रश्नांचे नमुने आहेत.

रिद्धपूरला म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरांच्या आठवणी शिष्यांकडून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झालं. परंपरा सांगते, की खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणून पाठ अनेक झाले. पण महानुभावांनी ते दडवले नाहीत. हा पाठ अमक्याचा, तो तमक्याचा, असे नावानिशी सांभाळले. मोठे मोठे विद्वान ज्याला पाठचिकित्सा म्हणतात ती या मठांत शेकडो वर्षं चालू होती. त्यांनी सकळ लिपीसारख्या गुप्त लिपींत पोथ्या लिहिल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा हे भांडार बाहेरच्या जगाला दिसलं. ह. ना. नेने, मग वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादित केलं. कोलत्यांची आवृत्ती १९७८ साली राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानं छापली आणि तिच्यावरून पंथातून आक्षेपही आले. सरकारला याचा अनुभव आहे : पोथी छापली म्हणजे काम संपलं, असं होत नाही. पोथीवर पंथाचे हक्क असतात. सात-बाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, तो पोथीलाही लागतो.

दुसरा नमुना आमच्याच जिल्ह्यातलं कारंजा. तिथल्या सेनगण आणि बलात्कारगणाच्या जैन मंदिरांतली शास्त्रभांडारं. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली काढली. तिच्यामुळे कारंजातले अपभ्रंश ग्रंथ पंडितांच्या नजरेस आले. मग कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली : प. ल. वैद्यांनी संपादिलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ १९३१ साली, हिरालाल जैन यांनी संपादिलेलं ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली, ‘करकंडचरिउ’ १९३४ साली. दहाव्या शतकातल्या कवीची वाणी वाशीम जिल्ह्यातल्या एका कपाटातून जगापुढे आली. ती मराठीच्या आधीची पायरी समजून घ्यायला लागते, हे अभिजात दर्जाच्या गजरात कोणी बोललं नाही.

कारंजाची खरी शिकवण मात्र पोथीच्या शेवटच्या पानावर असते. जैन पोथीच्या अखेरीला पुष्पिका आणि प्रशस्ती येते. कोणत्या संवतात, कोणत्या तिथीला, कोणत्या गावी, कोणत्या भट्टारकाच्या काळात, कोणत्या कुळातल्या बाईनं किंवा गृहस्थानं ही प्रत लिहवून घेतली आणि कोणाला दान दिली, ते ओळीनं लिहिलेलं असतं. शास्त्रदान हे पुण्य, म्हणून नोंद पक्की. पोथी आणि तिचा फेरफार एकाच बासनात! आमच्या पूर्वजांना हे कळत होतं. पोथी गोळा करणाऱ्या आजच्या माणसाला ते कळलं पाहिजे, एवढीच माझी मागणी.

खोटे दस्त आपल्याकडे नव्हते असं मात्र कोणी समजू नये. सातव्या शतकात सम्राट हर्षानं मधुबनच्या ताम्रपटात स्पष्ट लिहिलं आहे, की अमुक ब्राह्मण ‘कूटशासना’वर, म्हणजे बनावट सनदेवर, गाव खात होता, ती सनद मोडून गाव दुसऱ्यांना दिलं. उलट वाशीमला १९३९ साली विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात पक्की झाली. एका पत्र्यानं राजघराणं उभं राहतं आणि दुसऱ्या पत्र्यानं गाव गिळता येतं. म्हणून पत्रा कुठून आला हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. तो रिवाज असावा.

आता आमच्या भागात काय चाललं आहे ते सांगतो. जुनी भांडी, जुने दिवे, जुन्या पोथ्या विकत घेणारी माणसं गाडी घेऊन फिरतात. अशाच एका खरेदीला मी हजर होतो. घर माझ्या ओळखीचं. देव्हाऱ्याखालच्या फडताळातून बासन निघालं, लाल कापडाचं, तेलकट झालेलं. आत दोन लाकडी फळ्यांत सुटी पानं. ओवी संपली की हिंगुळाचे लाल दंड, समासाला अंगठा लागून लागून कागद काळवंडलेला. घेणारा म्हणाला, “पानं तेवढी द्या आजी, फळ्या अन् फडकं राहू द्या तुमाले.” त्याला पानांनाच गिऱ्हाईक होतं. मी फळी उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला बोरूनं लिहिलेलं होतं, माहूरच्या यात्रेहून आणली, आणणाऱ्याचं नाव आणि शक. म्हणजे पोथीचा फेरफार त्या फळीवर होता आणि तीच मागं राहणार होती. उद्या ती पानं कोणत्याही मठाची, कोणत्याही शतकाची म्हणून विकायला तो मोकळा. त्या दिवशी व्यवहार मोडला. पण मी प्रत्येक घरी कुठं असणार?

कायदा आहे, हे मला ठाऊक आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षं किंवा त्याहून जुनं, मोलाचं हस्तलिखित पुरावशेषच धरलं आहे; परवान्याशिवाय त्याचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर ते खासगी माणसाला नेता येत नाही. पण गावात या कायद्याची ऐकीव आवृत्ती पोचली आहे : ‘सरकारला कळलं तर पोथी जप्त होईल.’ म्हणून लोक पोथी लपवतात, नाहीतर गुपचूप विकतात, नाहीतर नदीत सोडतात. सर्वेक्षणाची गाडी दारात उभी राहिली तरी हेच होणार, जर ती गाडी पावती देणार नसेल.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं.

पहिलं, पोथीचं पान स्कॅन करण्याआधी तिचा नमुना भरा. कोणाच्या घरी, किती पिढ्या, आली कशी : वारसानं, दानानं, विकत, सापडून. पुष्पिका असेल तर ती पूर्ण उतरवा. बासन, फळ्या, आतल्या चिठ्ठ्या, भोकांतून ओवलेली दोरी, सगळ्याचे फोटो काढा. स्कॅननं अक्षर वाचतं. माणसाच्या आठवणीचं स्कॅन निघत नाही, आणि ज्यांना ती आठवण आहे ती माणसं ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरं, मूळ पोथी मालकाला न विचारता हलवू नका आणि हलवलीच तर सही-शिक्क्याची पावती द्या, परत करायच्या तारखेसकट. टिशेनडॉर्फच्या सहीचं मोल वर सांगितलंच आहे. नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही, हे लेखी जाहीर करा.

तिसरं, नोंद एका हातानं होऊ नये. आमच्याकडे तलाठी नोंद धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीला मिळतात आणि मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. पोथीलाही तेच लावा. मठाची पोथी असेल तर मठाला, मंदिराची असेल तर पंचांना विचारा. कोणी हात लावायचा, काय छापायचं नाही, ते ‘इतर हक्कां’त लिहा. नोंदीची एक प्रत गावात, एक जिल्ह्यात, एक रिद्धपूरला ठेवा. एकाच कपाटातली नोंद कशी नाहीशी होते ते ऑक्सफर्डनं दाखवलं आहे.

चौथं, वादाची नोंदवही वेगळी ठेवा. महसूल खात्यात नमुना सहा-अ हा वादग्रस्त प्रकरणांसाठीच असतो. तिथं नाव लागलं म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. निकाल बाकी आहे एवढंच. ‘सर्वांत जुनी’, ‘एकमेव’, ‘मूळ’ अशी विशेषणं लावलेली प्रत्येक पोथी आधी त्या वहीत जाऊ द्या. आता प्रत्येक गावाला आपण प्राचीन असल्याचा पुरावा हवा आहे, आणि हवं असणाऱ्याला पुरवणारा भेटतोच. वॉशिंग्टनला श्रद्धेपोटी फसवलं गेलं. आपल्याला अभिमानापोटी फसवलं जाईल. सरकारी पैशानं विकत घ्यायची पोथी तर फेरफाराशिवाय घेऊच नये, कितीही सुंदर असो.

पाचवं, क्रिस्तपुराणाचं प्रकरण या वहीतलं पहिलं प्रकरण करा. महाराष्ट्र आणि गोवा सरकार, मराठी भाषा विद्यापीठ आणि लंडनचं ग्रंथालय यांनी मिळून मार्सडेन प्रत आणि गोव्यातल्या रोमन प्रती शेजारी शेजारी मराठी वाचकापुढे ठेवाव्यात, कागद-शाईची तपासणी करावी आणि त्या प्रतीच्या प्रवासाची कागदपत्रं मराठीत छापावीत. सिनाईच्या ग्रंथाबाबत चार देशांतले धारक हे करू शकले. तिथं तर मालकीचं भांडण होतं. इथं कोणी पोथी परत मागत नाही, फक्त तिची हकीकत मागतो आहे.

यावर दोन आक्षेप येतील. एक, याला वेळ लागेल आणि एक कोटीचं लक्ष्य गाठता येणार नाही. मान्य. पण फेरफार नसलेले एक कोटी स्कॅन म्हणजे उद्याच्या लबाडांना फुकटचा अक्षरांचा नमुनासंच. नक्कल करणाऱ्याला याहून सोय ती कोणती? दोन, जुन्या पोथ्यांचा इतिहास आता कुठं मिळणार? सगळा नाही मिळणार. तेव्हा रकान्यात ‘माहीत नाही’ असं लिहा. आमच्या दप्तरात कोऱ्या रकान्यानं कधी कोणाचं शेत गेलं नाही. शेतं गेली ती अंदाजानं भरलेल्या रकान्यांनी.

मंत्रिमहोदय, मी पोथ्यांचा पंडित नाही. प्राकृत मला येत नाही, सकळ लिपी वाचता येत नाही. पण कागदाला पाय फुटतात कसे, हे जवळून पाहिलं आहे. वर सांगितलेल्या नोंदीचा नमुना मी एका पानात बसवला आहे, गाव नमुना सहाच्याच रकान्यांवर बेतून. कोणत्याही ग्राम महसूल अधिकाऱ्याला तो समजावून सांगायला दुपार पुरेल. आपल्या कार्यालयानं मागवला तर तहसीलमार्फत पाठवतो. सुरुवात कारंजापासून करावी, अशी विनंती आहे, कारण तिथल्या पोथ्यांत अर्धे रकाने पाचशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकांनी आधीच भरून ठेवले आहेत.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त पटवारी
अनसिंग, ता. जि. वाशीम

प्रत माहितीसाठी :
मा. कुलगुरू, मराठी भाषा विद्यापीठ, रिद्धपूर
मा. जिल्हाधिकारी, वाशीम